व्हर्च्युअल मशीनला नेट मिळत नाही: दोष कुठे आहे ते आधी ठरवा, सेटिंग नंतर बदला

लॅपटॉपवर सगळं व्यवस्थित चालू असतं. ब्राउझर उघडतो, व्हिडिओ चालतो. पण त्याच लॅपटॉपवरच्या व्हर्च्युअलबॉक्समधल्या उबुंटूत एक साधं पॅकेज उतरवायला घेतलं तर ते तिथेच अडकून बसतं. आमच्या लॅबमध्ये दर सत्राच्या सुरुवातीला हीच तक्रार घेऊन मुलं रांगेत उभी असतात, आणि ओळखीतल्यांचे फोनही बहुतेक याचसाठी येतात. हे इतक्यांदा दुरुस्त केल्यावर एक गोष्ट पक्की सांगता येते: दोष सहसा लहान असतो, पण माणूस घाबरून एका दमात चार सेटिंग बदलतो आणि मग मूळ दोष कोणता आणि आपण घातलेला कोणता हेच कळेनासं होतं. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला, तपासा, उपयोग झाला नाही तर ती परत पहिल्यासारखी करा आणि मगच पुढे जा.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे सॉफ्टवेअरने संगणकाच्या आत उभा केलेला दुसरा संगणक; व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर आणि केव्हीएम ही तशी सॉफ्टवेअरं, आणि उबुंटू ही लिनक्सची एक आवृत्ती. या लेखात होस्ट म्हणजे तुमचा खरा संगणक आणि गेस्ट म्हणजे त्याच्या आत चालणारं मशीन. उदाहरणं विंडोज होस्ट आणि त्यावरच्या व्हर्च्युअलबॉक्समधल्या उबुंटूची आहेत. व्हीएमवेअर आणि केव्हीएमसाठी जिथे वेगळं काही करावं लागतं तिथे तसं लिहिलं आहे.

लक्षणं

"नेट नाही" या एका वाक्यात बरेच वेगवेगळे दोष लपलेले असतात. तुमचं लक्षण यातलं कोणतं ते आधी ओळखा.

- गेस्टच्या नेटवर्क कार्डला आयपी पत्ताच मिळालेला नाही. विंडोज गेस्ट असेल तर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसतो. पत्ता देणारा डीएचसीपी सर्व्हर भेटला नाही म्हणून विंडोजने तो स्वतःच घेतलेला असतो.
- पत्ता आहे, ८.८.८.८ ला (गूगलचा सर्व्हर) पिंगही (उत्तर येतं का ते पाहणारा छोटा संदेश) जातो, पण नावाने कोणतीच साइट उघडत नाही.
- गेस्टमधून बाहेर जाता येतं, पण होस्टवरून गेस्टमधल्या वेब सर्व्हरपर्यंत किंवा एसएसएचने (दुसऱ्या मशीनमध्ये टर्मिनलमधून शिरायची पद्धत) आत पोचता येत नाही.
- कालपर्यंत चालत होतं. लॅपटॉप झाकून उघडला किंवा दुसऱ्या वायफायवर नेला आणि बंद पडलं.
- क्लोन केलेली (हुबेहूब प्रत काढलेली) दोन मशीनं एकत्र चालू केली की आळीपाळीने दोघांचंही नेट तुटतं.
- लहान पानं उघडतात, मोठी अर्ध्यावर अडकतात.
- मशीन चालूच होत नाही, नेटवर्क अडॅप्टरबद्दलचा एरर येतो.

ना पैसा लागतो, ना वेळ: या तीन गोष्टी आधी

पहिली, होस्टवर खरोखर नेट आहे का? आधी उघडून ठेवलेलं पान दिसतंय यावर विसंबू नका, कधी न उघडलेली साइट उघडून पाहा. कॉलेज, हॉस्टेल किंवा हॉटेलच्या वायफायवर लॉगिनचं पान भरावं लागत असेल तर ते होस्टवर भरून झालंय का तेही पाहा. गेस्टचं सगळं नेट होस्टमधून जातं, त्यामुळे इथे अडलं असेल तर पुढची कोणतीही तपासणी वाया जाईल.

दुसरी, केबल. हो, व्हर्च्युअल मशीनलाही केबल असते. मशीनच्या सेटिंगमध्ये नेटवर्क विभागात गेलं की प्रगत पर्यायांत "केबल कनेक्टेड" अशी टिक आहे. नव्या आवृत्तीत ती दिसत नसेल तर सेटिंगच्या खिडकीत एक्स्पर्ट पर्याय निवडा. मशीन चालू असेल तर खिडकीच्या खालच्या पट्टीतल्या नेटवर्कच्या चिन्हावर उजवं क्लिक करूनही केबल जोडता-काढता येते. चुकून तिथे क्लिक होऊन केबल सुटलेली मी वारंवार पाहिली आहे. ही टिक काढून पुन्हा लावण्याचा आणखी एक उपयोग आहे. गेस्टला वाटतं की केबल उपसून परत खोचली, आणि तो डीएचसीपीकडे नव्याने पत्ता मागतो. स्लीपमधून उठल्यावर किंवा वायफाय बदलल्यावर गेलेलं नेट पुष्कळदा एवढ्यानेच परत येतं, कारण गेस्टकडे जुन्या जागेच्या डीएनएसचा (साइटच्या नावावरून आकडी पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता राहिलेला असतो आणि त्याला बाहेर काही बदलल्याचं कळलेलंच नसतं.

तिसरी, घड्याळ. ही तपासणी कोणी करत नाही, म्हणून मी ती इतकी वर घेतली आहे. मशीन सेव्ह करून ठेवलं आणि काही दिवसांनी उघडलं तर गेस्टचं घड्याळ मागेच राहिलेलं असू शकतं. तारीख चुकली की सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र अवैध ठरतं. उबुंटूत एपीटी (पॅकेज उतरवणारी आज्ञा) चालवल्यावर "रिलीज फाइल अजून वैध नाही" अशा अर्थाचा संदेश येतो. दिसायला हे नेटवर्कचं दुखणं वाटतं, पण नेट धडधाकट असतं. गेस्टमध्ये टाइमडेटसीटीएल ही आज्ञा देऊन तारीख आणि वेळ होस्टशी ताडून पाहा.

गेस्टच्या आत: चार प्रश्न, याच क्रमाने

आता टर्मिनल उघडा. इथला क्रम महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येक प्रश्न आधीच्या प्रश्नाच्या उत्तरावर उभा आहे. पत्ताच नसलेल्या मशीनचा डीएनएस तपासण्यात काही अर्थ नाही.

कार्ड दिसतं का, आणि त्याला पत्ता आहे का? "आयपी ए" ही आज्ञा द्या. व्हर्च्युअलबॉक्सच्या उबुंटूत कार्डाचं नाव साधारणपणे ईएनपी०एस३ असतं, व्हीएमवेअरमध्ये ईएनएस३३. व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅट प्रकारात (गेस्ट होस्टच्या पत्त्यामागे लपून बाहेर जातो तो प्रकार) पहिल्या कार्डाला १०.०.२.१५ हा पत्ता मिळतो. तो दिसला म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सपर्यंतचा मार्ग ठीक आहे. कार्ड दिसतं पण "डाउन" अवस्थेत असेल तर दोष गेस्टच्या आतल्या मांडणीत आहे. सेंटओएस ७ च्या किमान इन्स्टॉलेशनमध्ये हे नेहमी दिसायचं: इन्स्टॉल करताना नेटवर्कचा स्विच चालू केला नाही तर कार्ड बूटच्या वेळी बंदच राहायचं. कार्ड अजिबातच दिसत नसेल तर सेटिंगमधला अडॅप्टरचा प्रकार पाहा. विंडोज गेस्टला व्हर्टआयओ प्रकारचं कार्ड दिलं आणि त्याचा ड्रायव्हर आत बसवला नाही तर विंडोजला कार्ड ओळखता येत नाही. अशा वेळी इंटेल प्रो १००० हा प्रकार निवडला की काम होतं.

दरवाजापर्यंत, म्हणजे बाहेर नेणाऱ्या गेटवेपर्यंत, पोचतो का? "आयपी राउट" या आज्ञेत "डीफॉल्ट" ने सुरू होणारी ओळ शोधा. नॅटमध्ये तिथे १०.०.२.२ दिसायला हवं. त्याला पिंग करा. आणि अशा ओळी दोन आहेत का ते नीट पाहा. नॅट आणि होस्ट-ओन्ली (फक्त होस्ट आणि गेस्ट यांच्यातलं नेटवर्क) अशी दोन कार्डं लावलेल्या मशीनांत हा दोष मला सर्वांत जास्त सापडला आहे. होस्ट-ओन्ली कार्डाला हाताने पत्ता देताना गेटवेचा रकाना रिकामा कसा सोडायचा म्हणून १९२.१६८.५६.१ भरला जातो. मग बाहेर जाणारी रहदारी होस्ट-ओन्लीच्या दिशेने वळते, आणि तिथून बाहेर रस्ताच नाही. तो रकाना रिकामाच ठेवायचा असतो.

बाहेर पोचतो का? ८.८.८.८ किंवा १.१.१.१ ला पिंग करा. मात्र नॅट प्रकारात पिंगचं "नाही" हे अखेरचं उत्तर मानू नका. नॅटचं इंजिन पिंगची पाकिटं जशीच्या तशी बाहेर पाठवत नाही, आणि कॉलेज-कंपन्यांच्या फायरवॉलवर पिंग बऱ्याचदा अडवलेलाच असतो. क्यूएमू या केव्हीएमच्या जोडीने चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या यूजर-मोड नेटवर्कमध्ये तर पिंग चालत नाही पण वेब उत्तम चालतं असं सर्रास घडतं. म्हणून पिंग फसला तर कर्ल या आज्ञेने टर्मिनलमध्येच एखादं पान मागवून पाहा आणि त्यावर निर्णय घ्या.

नावाचा पत्ता लागतो का? आकड्याने जातं आणि नावाने जात नाही म्हणजे डीएनएस. उबुंटूत रिझॉल्व्ह-डॉट-कॉन्फ या फाइलमध्ये १२७.०.०.५३ दिसतं. तो दोष समजून कित्येक जण खोडतात. तो दोष नाही, ती सिस्टमडीची (उबुंटूतल्या सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेची) नावं शोधणारी आतली सेवा आहे. खरा डीएनएस पत्ता पाहायचा तर "रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस" द्या. तिथे मागच्या वायफायचा पत्ता बसला असेल तर वर सांगितलेली केबल काढ-घाल करा. होस्टवर कंपनीचा व्हीपीएन असेल आणि तो लावल्या-काढल्यावर दर वेळी नावं हरवत असतील, तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये नॅटसाठी होस्टचाच रिझॉल्व्हर वापरायची सोय आहे. मशीन पूर्ण बंद करून व्हीबॉक्समॅनेज या व्हर्च्युअलबॉक्सच्या टर्मिनल साधनाच्या मॉडिफायव्हीएम आज्ञेने ती चालू करता येते. मग गेस्टचा प्रत्येक प्रश्न होस्ट स्वतः विचारतो, आणि होस्टला जे नाव कळतं ते गेस्टलाही कळतं.

नॅट की ब्रिज्ड?

नेट चालेना की कुणीतरी सल्ला देतं, "नॅट काढ, ब्रिज्ड लाव." ब्रिज्डमध्ये गेस्ट होस्टच्या कार्डातून थेट बाहेरच्या नेटवर्कवर वेगळं मशीन म्हणून जोडला जातो. माझा सल्ला मात्र याच्या उलट आहे. ब्रिज्ड चालत नसेल तर थोड्या वेळापुरतं नॅट लावून पाहा. नॅटला बाहेरच्या नेटवर्ककडून काहीच लागत नाही. राउटरला दिसतो तो फक्त होस्ट. त्यामुळे नॅटवर नेट चाललं म्हणजे गेस्ट निर्दोष आहे आणि दोष ब्रिजमध्ये किंवा त्यापलीकडे आहे, हे दोन मिनिटांत ठरतं. नॅटवरही नाही चाललं तर ब्रिज्डवर वेळ घालवू नका, वरच्या चार प्रश्नांकडे परत जा.

नॅट म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन. आतला माणूस बाहेर जाऊन परत येऊ शकतो, पण अनोळखी पाहुण्याला आत सोडायचं तर वॉचमनला आधी सांगून ठेवावं लागतं. ते सांगणं म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग. "होस्टवरून १०.०.२.१५ ला एसएसएच होत नाही" ही तक्रार म्हणजे दोष नाहीच, नॅट असाच चालतो. नेटवर्क सेटिंगमध्ये होस्टचा २२२२ हा पोर्ट (मशीनवरच्या सेवेचा क्रमांक) गेस्टच्या २२ वर, म्हणजे एसएसएचच्या पोर्टवर, वळवा आणि होस्टवरून लोकलहोस्टच्या २२२२ वर एसएसएच करा.

दोन गेस्ट एकमेकांना दिसत नाहीत, त्याचंही मूळ इथेच आहे. साध्या नॅटमध्ये प्रत्येक मशीनला स्वतःचं वेगळं नेटवर्क मिळतं आणि प्रत्येकाचा पत्ता १०.०.२.१५ च असतो. दोघांना बोलायचं असेल तर "नॅट नेटवर्क" हा निराळा प्रकार आहे, किंवा नॅटच्या जोडीला दुसरं कार्ड होस्ट-ओन्लीचं लावा. अनेक मशीनं जोडून चालणाऱ्या हॅडूप किंवा कुबरनेटीसचा छोटा समूह घरी उभा करणाऱ्यांनी पहिल्या दिवशीच ही जोडी लावावी. पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

ब्रिज्ड हवंच असेल तर सर्वांत आधी तो कोणत्या कार्डावर बांधला आहे ते पाहा. ऑफिसात लॅन केबल, घरी वायफाय अशी ये-जा करणाऱ्या लॅपटॉपवर ब्रिज केबलच्या कार्डावरच अडकून राहतो आणि घरी मशीन मुकं होतं. दुसरी अडचण खुद्द वायफायची. वायफायचा अॅक्सेस पॉइंट त्याच्याशी जोडणी केलेल्या मॅक पत्त्यावरूनच (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) पाकिटं घेतो, आणि गेस्टचा मॅक पत्ता वेगळा असतो. व्हर्च्युअलबॉक्स यावर स्वतःची तोड काढतो, तरीही काही वायफाय कार्डांवर ती नीट चालत नाही. त्याच मशीनवर केबल लावून ब्रिज्ड चाललं तर वायफायच्या नादी लागू नका. नॅट आणि पोर्ट फॉरवर्डिंगने बहुतेक गरजा भागतात.

मोठी पानं अडकतात ते लक्षणही सहसा ब्रिज्डमध्ये किंवा गेस्टच्या आत व्हीपीएन चालवताना दिसतं. व्हीपीएन प्रत्येक पाकिटाला स्वतःचं वेष्टन घालतो, त्यामुळे १५०० बाइटचं पाकीट मार्गात मावत नाही. तपासायचं तर तुकडे न करण्याच्या अटीवर १४७२ बाइटचा पिंग पाठवा. त्यात २८ बाइटचे मथळे मिळवले की १५०० होतात. तो जात नसेल आणि १३०० चा जात असेल तर गेस्टच्या कार्डाचा एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) १४०० किंवा त्याखाली आणा. व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅटमध्ये हा त्रास फारसा होत नाही, कारण टीसीपीची जोडणी तिथे होस्टकडून नव्याने सुरू होते.

क्लोनचं दुखणं

एक मशीन नीट तयार करायचं आणि त्याच्या प्रती काढायच्या, ही लॅबमधली रोजची पद्धत. क्लोन करताना "सर्व अडॅप्टरसाठी नवे मॅक पत्ते" हा पर्याय निवडायलाच हवा. एकाच नेटवर्कवर एकाच मॅकची दोन मशीनं आली की नेटवर्कच्या स्विचला (केबली जोडणाऱ्या पेटीला) उत्तर कुणाकडे द्यायचं ते कळत नाही.

पण मॅक वेगळे करूनही दोघांना एकच आयपी मिळतो, आणि इथे भलेभले अडतात. उबुंटू सर्व्हरमध्ये डीएचसीपीकडे दिली जाणारी ओळख मॅकवरून नव्हे तर ईटीसी फोल्डरमधल्या मशीन-आयडी या फाइलवरून तयार होते, आणि क्लोनमध्ये ती फाइल जशीच्या तशी येते. उपाय असा: क्लोनमध्ये ती फाइल रिकामी करा आणि मशीन रीस्टार्ट करा. फाइल काढून टाकायची नाही, फक्त रिकामी करायची. बूट होताना नवी ओळख तयार होते. नेटप्लॅनच्या (उबुंटूच्या नेटवर्क मांडणीच्या) फाइलमध्ये डीएचसीपी-आयडेंटिफायर म्हणून मॅक लिहूनही हेच साधतं.

याची उलटी बाजूही आहे. क्लाउडसाठी बनवलेल्या उबुंटू प्रतिमांमध्ये नेटप्लॅनची फाइल कधी कधी कार्ड मॅकवरून ओळखते. मॅक बदलला की तिला आपलं कार्डच सापडत नाही आणि पत्ता मिळत नाही. व्हर्च्युअलबॉक्समधून व्हीएमवेअरमध्ये नेलेल्या मशीनचंही तसंच होतं, तिथे फाइलमधलं कार्डाचं नाव जुनं राहतं. "आयपी ए" मध्ये दिसणारं नाव आणि फाइलमधलं नाव शेजारी शेजारी ठेवून पाहा. बदल केल्यावर थेट लागू करण्याऐवजी "नेटप्लॅन ट्राय" वापरा. तुम्ही १२० सेकंदांत होकार दिला नाही तर ते जुनी मांडणी परत आणतं.

होस्टच्या बाजूचे दोष

इथून पुढे अॅडमिनचे अधिकार लागतात, म्हणून हे शेवटी ठेवलं.

मशीन सुरू होतानाच "इंटरफेस सापडला नाही" अशा अर्थाचा एरर येत असेल तर विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर व्हर्च्युअलबॉक्सचा नेटवर्क ड्रायव्हर सुटलेला असण्याची शक्यता दाट आहे. विंडोजच्या नेटवर्क कनेक्शनमध्ये जाऊन अडॅप्टरच्या प्रॉपर्टीज उघडा. "व्हर्च्युअलबॉक्स एनडीआयएस६ ब्रिज्ड नेटवर्किंग ड्रायव्हर" ही ओळ तिथे आहे का आणि तिच्यावर टिक आहे का ते पाहा. नसेल तर व्हर्च्युअलबॉक्सचा इन्स्टॉलर अॅडमिन म्हणून चालवून दुरुस्तीचा पर्याय घ्या. तुमची मशीनं त्याने पुसली जात नाहीत, तरीही आधी त्यांची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा.

व्हीएमवेअर वर्कस्टेशन असेल तर विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये व्हीएमवेअरच्या नॅट आणि डीएचसीपी या दोन्ही सेवा चालू आहेत का ते पाहा. एखादी बंद पडली की व्हीएमनेट८ या व्हीएमवेअरच्या नॅट नेटवर्कवरच्या सगळ्या मशीनांचं नेट एकदम जातं. सगळ्याच मशीनांचं एकदम गेलं असेल तर गेस्टमध्ये शोधू नका, ही खूण लक्षात ठेवा. केव्हीएमवर याच लक्षणाला व्हर्श नेट-लिस्ट ही आज्ञा "ऑल" पर्यायासह द्या. "डीफॉल्ट" नेटवर्क निष्क्रिय दिसलं तर नेट-स्टार्टने ते चालू करा आणि नेट-ऑटोस्टार्टने दर बूटला आपोआप चालू होईल असं करून ठेवा. तिथल्या गेस्टला १९२.१६८.१२२ मालिकेतला पत्ता मिळायला हवा.

गेस्टमधून होस्टला पिंग जात नाही, बाकी सगळं चालतं, असं असेल तर तो विंडोज फायरवॉलचा नेहमीचा स्वभाव आहे. नेटवर्क "पब्लिक" म्हणून नोंदलेलं असलं की बाहेरून आलेल्या पिंगला विंडोज उत्तर देत नाही. तेवढ्यासाठी फायरवॉल बंद करू नका.

पत्त्यांची टक्करही एकदा पाहून घ्या. ऑफिसच्या नेटवर्कमध्येच १०.०.२ ची मालिका वापरात असेल तर तिथले सर्व्हर नॅटमधल्या गेस्टला कधीच दिसणार नाहीत, बाकीचं जग दिसेल. गेस्टला ते पत्ते आपल्या शेजारचे वाटतात आणि तो त्यांना दरवाजाबाहेर शोधतच नाही. नॅटची मालिका बदलली की हे मिटतं.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

ब्रिज्ड लावताच होस्टचंही केबलचं नेट गेलं तर लगेच थांबा. कॉलेज आणि कंपन्यांच्या स्विचवर बऱ्याचदा एका पोर्टला (केबल खोचायच्या खाचेला) एकच मॅक अशी मर्यादा असते, आणि दुसरा मॅक दिसला की पोर्ट बंद होतो. तो नेटवर्क अॅडमिनच उघडू शकतो. होस्टचा मॅक गेस्टला देऊन ही मर्यादा चुकवू नका. ती सुरक्षेसाठी घातलेली असते, आणि त्या पोर्टवरून काही घडलं तर जबाब तुम्हाला द्यावा लागतो.

कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवरचा अँटिव्हायरस, व्हीपीएन किंवा फायरवॉल स्वतः बंद करून "तपासून" पाहू नका. दोष तिथेच असल्याची खात्री वाटत असली तरी आयटी विभागाला कळवा.

मशीन दूरच्या सर्व्हरवर किंवा क्लाउडमध्ये असेल आणि आत जायचा तुमचा एकमेव मार्ग एसएसएच असेल, तर नेटवर्कच्या फाइलला हात लावण्याआधी कन्सोल (गेस्टचं नेट बंद असतानाही त्याचा पडदा दाखवणारी सोय) मिळतो का ते पाहा. मिळत नसेल तर बदल करू नका. व्हीलॅन, व्हर्च्युअल स्विच आणि पोर्ट ग्रुप हे तिथल्या व्यवस्थापकाचं क्षेत्र आहे, ते गेस्टमधून सुधारता येत नाही.

आणि ज्या मशीनवर लोकांचा चालू डेटा आहे त्याचं नेटवर्क सगळं रीसेट करायची वेळ आली असेल, तर बॅकअप हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

अॅडमिनकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. एका कागदावर एवढं लिहून न्या: नेटवर्कचा प्रकार कोणता, गेस्टचा मॅक पत्ता, मिळालेला आयपी, "आयपी राउट" चं पूर्ण उत्तर, वरच्या चार प्रश्नांपैकी कितव्यावर अडलं, एररचा शब्दशः मजकूर आणि नेट गेल्याची वेळ. मॅक आणि वेळ मिळाली की त्यांना स्विचच्या नोंदी पटकन शोधता येतात. ०८:००:२७ ने सुरू होणारा मॅक पाहून ते व्हर्च्युअलबॉक्स ओळखतात, ००:५०:५६ किंवा ००:०सी:२९ पाहून व्हीएमवेअर, ५२:५४:०० पाहून केव्हीएम. त्यामुळे व्हर्च्युअल मशीन चालवत असल्याचं पहिल्याच वाक्यात सांगा.